तीन दिवस केस ओले करू नका म्हणे! पण का?

माझ्या मावसबहिणीचं लग्न डिसेंबरात होतं, आणि त्याच्या पंधरा दिवस आधी तिने मला पार्लरमधून एक फोटो पाठवला. रेटकार्डचा. स्मूदनिंग, रिबाँडिंग, केराटिन आणि सगळ्यात खाली, सगळ्यात महाग, 'बाँड रिपेअर'. सोबत मेसेज: "दादा तू केमिस्ट्री केलीयेस ना, हे बाँड काय असतं? मला तर ॲडमिशनच्या वेळी स्टॅम्पपेपरवर लिहून दिलेला बाँडच माहितीये." दोन मिनिटांनी दुसरा मेसेज: "आणि ही पार्लरवाली म्हणते तीन दिवस केस ओले करायचे नाहीत, बांधायचे नाहीत, कानामागे पण घ्यायचे नाहीत. असं का??"

मी फोन करून अर्धा तास समजावलं. ती "हं, हं" करत होती आणि मधेच मेंदीवालीचा कॉल आला म्हणून तिने ठेवला. तर ते सगळं आता इथे लिहून काढतोय, कारण प्रश्न खरंच भारी आहे आणि त्याचं उत्तर केसांवर थांबत नाही, भाकरी, आरटी-पीसीआर, सिकलसेल असं कुठेकुठे जातं.

आधी पुस्तकातली ती काडी विसरा

शाळेत रेणू काढताना दोन अणूंच्या मधे एक रेघ मारायचो आपण. मॉडेलमधे तर प्लास्टिकचे गोळे आणि काड्याच असायच्या. त्यामुळे बारावीपर्यंत माझा पक्का समज होता की अणूंच्या मधे खरंच काडीसारखं काहीतरी असतं. तसं काही नसतं. अणूच्या मधोमध पॉझिटिव्ह चार्जचं केंद्र, भोवती निगेटिव्ह इलेक्ट्रॉन. दोन अणू जवळ आले की मधल्या जागेतले इलेक्ट्रॉन दोन्ही केंद्रांना ओढतात, आणि अशा जोडीची एकूण ऊर्जा दोघं सुटे असताना असते त्यापेक्षा कमी होते. म्हणजे पुण्यात दोघांनी मिळून एक खोली भाड्याने घ्यावी तसं, एकेकट्याने राहणं परवडत नाही म्हणून एकत्र राहतात. हाच बाँड. वेगळं करायचं तर वरचा खर्च तुम्हाला भरायला लागतो.

इलेक्ट्रॉन असे वाटून घेतले तर तो कोव्हॅलंट बाँड, पुस्तकात ज्याला सहसंयुज बंध म्हणतात. मी त्याला पक्का बाँड म्हणेन. दुसरा प्रकार कच्चा. पाण्याच्या रेणूत ऑक्सिजन फार हावरट असतो, इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढून घेतो, त्यामुळे हायड्रोजन बिचारा थोडासा पॉझिटिव्ह पडतो आणि शेजारच्या रेणूतल्या ऑक्सिजनकडे किंवा नायट्रोजनकडे झुकतो. वाटावाटी फारशी नाही, नुसता झुकाव. हा हायड्रोजन बाँड. शिवाय मिठासारखं प्लस-मायनसचं आकर्षणही असतं, ते पाण्यात बरंच ढिलं पडतं म्हणून त्यालाही कच्च्यातच धरू.

कच्चा म्हणजे किती कच्चा? शरीराच्या तापमानाला सगळे रेणू सतत एकमेकांना धक्के मारत असतात, लोकलमधल्या गर्दीसारखे. त्या साध्या धक्क्याची किंमत १ रुपया धरा. मग हायड्रोजन बाँड तोडायचा साधारण ४ ते १० रुपयांना आणि दोन कार्बनमधला पक्का बाँड १३० च्या पुढे. १३० रुपयांचा धक्का गर्दीत कुणी मारत नाही. १० रुपयांचा मात्र अधूनमधून बसतोच, म्हणून पाण्यातला एकेक हायड्रोजन बाँड सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागाइतका वेळ टिकतो, की सुटला, की दुसऱ्याशी जुळला. पुढचं सगळं या दोन किमतींच्या फरकावर चालतं.

कापड आणि नेसणं

प्रोटीन म्हणजे अमिनो ॲसिडच्या मण्यांची माळ. मणी २० प्रकारचे, मण्या-मण्यांमधला बाँड पक्का. नुसत्या पाण्यात, एन्झाइमशिवाय (म्हणजे असली कामं झटपट करून देणाऱ्या प्रोटीनशिवाय) ठेवलं तर असला एक बाँड आपणहून तुटायला शेकडो वर्षं लागतात. पण नुसती माळ काही कामाची नाही.

नऊवारी डोळ्यासमोर आणा. धागे विणून केलेलं नऊ वार कापड, ते फाडायला जोर लागतो. पण कापड म्हणजे नेसलेली साडी नव्हे. काष्टा, निऱ्या, ओचा, यातलं काही शिवलेलं नसतं, नुसतं दुमडून खोचलेलं असतं, आणि तरी बाई दिवसभर त्यात लग्नात धावपळ करते. प्रोटीनचंही असंच: कापड पक्क्या बाँडचं, नेसणं कच्च्या बाँडचं. आणि काम करतो तो नेसलेला आकार. ओचा सुटला तर कापड तेच, तेवढंच, पण नऊवारी राहिली नाही.

एक तिसरी वस्तू आहे, सेफ्टी पिन. सिस्टीन नावाच्या मण्याला सल्फरचा अणू असतो. दोन सिस्टीन समोरासमोर आले की दोन सल्फर एकमेकांशी पक्का बाँड करतात, डायसल्फाइड बाँड. आपल्या भावात शंभरेक रुपयांचा, पण गंमत अशी की योग्य केमिकल मिळालं तर तो पिनेसारखा उघडता येतो आणि परत लावता येतो. इन्सुलिनमधे ५१ मणी, दोन पदर आणि ३ पिना: दोन पिना दोन पदरांना जोडणाऱ्या, तिसरी एकाच पदराच्या आत. इन्सुलिनची न उघडलेली बाटली फ्रिजमधे ठेवतात, आणि फ्रीजरमधे ठेवू नका असं वर लिहिलेलं असतं, ते या नेसण्यासाठीच. मे महिन्यात स्कूटरच्या डिकीत राहिलेल्या इन्सुलिनच्या माळेतला एखादाही मणी सुटलेला नसेल कदाचित, पण काष्टा सुटायला लागला की औषधाचा भरवसा गेला.

आता केस

केस म्हणजे केराटिन, आणि केराटिनमधे सिस्टीन भरपूर, म्हणजे पिनाच पिना. माळा स्प्रिंगसारख्या गुंडाळलेल्या, स्प्रिंगला धरून ठेवणारे हायड्रोजन बाँड (ही स्प्रिंग लिनस पॉलिंग या केमिस्टने १९५१ मधे मांडली), आणि शेजारच्या माळांना एकमेकींशी बांधणाऱ्या त्या पिना. केस सरळ की कुरळा हे केसाच्या मुळाचा आकार आणि पिना कुठे लागल्यात यावर ठरतं.

केस ओला केला की पाणी आत शिरतं आणि माळांमधले हायड्रोजन बाँड सोडवून स्वतःशी जुळवून घेतं. म्हणून ओला केस लांबतो, मऊ पडतो. वाळताना तो ज्या आकारात असेल त्या आकारात नवे हायड्रोजन बाँड बसतात. रात्री ओली वेणी घालून झोपा, सकाळी लाटा. पिना मात्र जागच्या हललेल्या नसतात, त्यामुळे पुढच्या अंघोळीला लाटा गायब. इस्त्री म्हणजे स्ट्रेटनरचंही तेच, फक्त पाण्याऐवजी उष्णता. आणि कोकणात जून महिन्यात कितीही इस्त्री मारा, दारातून बाहेर पडेस्तोवर फुगलेच केस, कारण हवेतलं पाणी तुमच्या सकाळच्या मेहनतीचे बाँड एकेक करून सोडवत बसतं.

रिबाँडिंगमधे थेट पिनांना हात घालतात. पहिलं क्रीम, ते ज्याला अमोनियाचा नाकात जाणारा वास येतो, त्यात थायोग्लायकोलेट असतं. ते डायसल्फाइड उघडतं. मग केस इस्त्रीने सरळ ताणायचे आणि न्यूट्रलायझर लावायचं. त्यात बहुतेक वेळा हायड्रोजन पेरॉक्साइड असतं, ते सल्फर परत जोडतं, पण आता नव्या जोड्या, सरळ आकारातल्या. म्हणजे साडी सोडून, दुसऱ्या पद्धतीने नेसून, परत पिना मारल्या. म्हणूनच हे पाण्याने जात नाही. मुळातून येणारा नवा केस मात्र स्वतःच्या पिना घेऊन येतो, महिन्याला साधारण सेंटीमीटरभर, त्यामुळे चार महिन्यांनी वर कुरळं आणि खाली सरळ.

मग तीन दिवसांचं काय? पिना सगळ्याच्या सगळ्या एका झटक्यात लागत नाहीत, आणि त्यात केस ओला करून रबर लावला तर हायड्रोजन बाँड त्या वाकातच बसतात. घडी पडते. ही भीती खरी आहे. तीन हा आकडा मात्र मला कुठल्या केमिस्ट्रीच्या पुस्तकात भेटलेला नाही, ती पार्लरची खबरदारी आहे असं मी बहिणीला सांगितलं. तिने चार दिवस केस धुतले नाहीत.

केराटिन ट्रीटमेंट वेगळी. तिच्यातलं केराटिन बरंचसं नावापुरतं, खरं काम जुन्या पद्धतीच्या प्रॉडक्टमधे फॉर्मल्डिहाइड करतं. कॉलेजच्या बायॉलॉजी लॅबमधला बरणीतला बेडूक आठवतो? तो फॉर्मलिनमधे, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या याच फॉर्मल्डिहाइडमधे वर्षानुवर्षं टिकतो, कारण ते प्रोटीनच्या माळांमधे स्वतःचे पक्के पूल टाकून सगळं जागच्या जागी गोठवतं. केसातही तेच. फक्त गरम केल्यावर त्याची वाफ नाकात जाते, आणि फॉर्मल्डिहाइड हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेच्या यादीत माणसाला कॅन्सर करणारं म्हणून नोंदलेलं आहे. त्याला पर्याय म्हणून ग्लायऑक्झिलिक ॲसिड आलं. २०२४ मधे फ्रान्सच्या डॉक्टरांनी एका तरुणीचं प्रकरण छापलं, जिने २०२०, २०२१ आणि २०२२ मधे अशा क्रीमने केस सरळ केले आणि तिन्ही वेळा तिच्या किडनीला इजा झाली. उंदरांवर तेच क्रीम लावून पाहिलं तर किडनीत ऑक्झलेटचे स्फटिक सापडले. फॉर्मलिन-फ्री लिहिलंय म्हणजे निर्धास्त, असं नाही एवढं तरी यातून घ्या.

आणि बाँड रिपेअर? केस मेलेला असतो, तो स्वतः काही दुरुस्त करत नाही. उघड्या राहिलेल्या पिनांच्या जागी काहीतरी नवीन जोडणं केमिस्ट्रीत शक्य आहे, पण दुभंगलेलं टोक शिवून देणारी बाटली नाही. तिथे कात्री.

पोळीचा ताण आणि शिळी भाकरी

स्वयंपाकघरात तर हे रोज चालतं. गव्हाच्या कणकेत पाणी घालून मळलं की ग्लुटेनचं जाळं तयार होतं, त्यातही माळा डायसल्फाइडच्या पिनांनी जोडलेल्या. मळून लगेच लाटायला गेलं की पोळी रबरासारखी मागे ओढते. वीस मिनिटं झाकून ठेवली की ताणलेले कच्चे बाँड सुटून आरामात नव्या जागी बसतात आणि पोळी गुमान लाटली जाते. आईला यातलं काही माहीत नव्हतं, पण "कणीक मुरू दे" हे माहीत होतं.

ज्वारीत ग्लुटेन नाही. गार पाण्यात पीठ मळून भाकरी थापायला बसा, कडा फाटतात, उचलताना मोडते. म्हणून गरम पाणी, किंवा सरळ उकड. गरम पाणी स्टार्चच्या दाण्यातले हायड्रोजन बाँड सोडवतं, दाणा फुगतो, चिकट होतो, आणि ग्लुटेनचं काम हा चिकटपणा करतो. हीच भाकरी दुसऱ्या दिवशी कडक होते. आपण म्हणतो वाळली, पण डब्यात घट्ट झाकून ठेवलेलीसुद्धा कडक होतेच, कारण थंड झाल्यावर स्टार्चच्या माळा परत एकमेकींशी हायड्रोजन बाँड जुळवायला लागतात. पाण्याचा हात लावून तव्यावर टाकली की काही वेळ मऊ, कारण ते बाँड परत सुटले. कच्च्या बाँडचा हा फायदा, मागे येता येतं.

पक्क्या बाँडमधे असं सहज मागे येणं नाही, आणि तिथे तपशिलाला किती किंमत आहे हे त्याच ज्वारीच्या शेतात दिसतं. दाण्यातला स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या साखळ्या. कडब्यातलं सेल्युलोज म्हणजे पण ग्लुकोजच्याच साखळ्या! फरक इतकाच की स्टार्चमधे ग्लुकोजचे मणी एकाच तोंडाने जोडलेत आणि सेल्युलोजमधे एक आड एक उलटा. त्या उलटसुलटीमुळे साखळी सरळ राहते, शेजारच्या सरळ साखळ्यांना खेटून हायड्रोजन बाँडची मोळी बांधली जाते, आणि आपलं एन्झाइम, जे एकाच मापाच्या पान्यासारखं असतं, ते त्या नटाला बसतच नाही. म्हणून दाणे आपण खातो आणि कडबा गुरांना. खरं तर गायीकडेही तो पाना नाही, तिच्या पोटातल्या जंतूंकडे आहे.

एवढे कच्चे बाँड, मग आपण विरघळत का नाही?

कारण ते एकटे नसतात. वेल्क्रोचा एक आकडा नखाने सुटतो, पट्टी ओढायला जोर लावायला लागतो. डीएनएच्या दोन पदरांवर ए, टी, जी, सी अशी चार अक्षरं, म्हणजे चार प्रकारचे रासायनिक तुकडे असतात; ए आणि टी समोरासमोर आले की २ हायड्रोजन बाँड, जी आणि सी आले की ३, आणि अशा जोड्या माणसाच्या एका संचात सुमारे ३०० कोटी. (शिवाय जोड्या एकावर एक थाळ्यांसारख्या रचल्या जातात, पदर एकत्र राहण्यात त्या रचनेचा वाटाही मोठा आहे, हायड्रोजन बाँडलाच सगळं श्रेय देऊ नये.)

कोविडमधे सगळ्यांच्या तोंडी असलेली आरटी-पीसीआर टेस्ट यावरच चालते. नळी साधारण ९५ अंशांना तापवतात, पदर वेगळे होतात, पण प्रत्येक पदराचा कणा पक्क्या बाँडचा म्हणून शाबूत. मग ५०-६० अंशांपर्यंत थंड करायचं, आपण टाकलेले छोटे तुकडे नेमक्या जागी जाऊन चिकटतात, एन्झाइम नवा पदर बांधतं, परत ९५. असं तीस-चाळीस वेळा. पदर पक्क्या बाँडने जोडलेले असते तर नुसत्या उष्णतेने ते सोडवता आलेच नसते, आणि आपल्या पेशीलाही आपलाच डीएनए उघडून वाचता आला नसता.

उकडलेल्या अंड्याचं मग काय, ते का परत कच्चं होत नाही? तिथे दहा साड्या एकदम सुटून एकमेकींत गुंतलेल्या असतात, वर नव्या चुकीच्या पिना लागलेल्या. २०१५ मधे कॅलिफोर्निया आणि ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी युरिया आणि जोरात फिरवण्याचं यंत्र वापरून उकडलेल्या पांढऱ्यातलं लायसोझाइम नावाचं एक प्रोटीन पुन्हा नीट नेसवून दाखवलं. एक प्रोटीन, अख्खं अंडं नाही. पिल्लू वगैरे विसरा.

"पण बाँड तुटल्यावर एनर्जी मिळते ना?"

नाही. हे मी ट्यूशनच्या मुलांना दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी परत ऐकतो. तोडायला नेहमी खर्चच येतो. एटीपी, म्हणजे पेशीचं चिल्लर चलन, त्याचा शेवटचा फॉस्फेट तोडायलाही खर्च येतो, पण त्यानंतर पाण्याशी जे नवे बाँड जुळतात त्यातून जास्त परत मिळतं. कमाई जुळण्यात आहे. 'ऊर्जा बाँडमधे साठवलेली असते' या वाक्याने पिढ्यानपिढ्यांचं नुकसान केलंय असं माझं मत.

एक मणी बदलला तर

हिमोग्लोबिन म्हणजे रक्ताच्या लाल पेशीतलं, ऑक्सिजन वाहून नेणारं प्रोटीन. त्याच्या बीटा नावाच्या माळेत १४६ मणी असतात. सिकलसेल या आईवडिलांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजारात सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलीन असतं. बस. बाकी सगळं जिथल्या तिथे.

ग्लुटामिक ॲसिडला निगेटिव्ह चार्ज असतो, त्याला पाणी आवडतं. व्हॅलीन तेलकट. पाण्यात तेलाचे थेंब जसे एकमेकांकडे सरकतात तसा हा तेलकट डाग शेजारच्या हिमोग्लोबिनवरच्या खाचेत जाऊन बसतो, आणि ती खाच ऑक्सिजन सोडल्यावरच नीट उघडी पडते. यात पक्का बाँड एकही नाही. पण एकाला दुसरा, दुसऱ्याला तिसरा असं करत पेशीत दोऱ्या तयार होतात, पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिनीत अडकते आणि भयंकर दुखतं. ऑक्सिजन मिळाला की दोऱ्या विरघळतात, परत होतात, परत विरघळतात, आणि असं वारंवार झालं की पेशी कायमची वाकडी राहते. पेशीतलं पाणी कमी झालं की हिमोग्लोबिन दाटतं आणि दोऱ्या फार लवकर होतात, म्हणून पेशंटला डॉक्टर सारखं पाणी पी म्हणतात.

गडचिरोली, विदर्भाचे बाकी जिल्हे, शिवाय नंदुरबार, इथल्या अनेक घरांत हा आजार आहे. तपासणी शिबिरात बोटातून थेंबभर रक्त घेऊन नळीतल्या द्रावणात टाकतात. द्रावण ऑक्सिजन काढून घेतं, साधं हिमोग्लोबिन विरघळलेलं राहतं, सिकलवालं गढूळ होतं. नळीच्या मागे ओळी छापलेलं कार्ड धरायचं: ओळी दिसल्या तर ठीक, नाही दिसल्या तर पुढची टेस्ट. कारण आईवडिलांपैकी एकाकडूनच दोष आलेल्या वाहकाचं रक्तही गढूळ होतं आणि दोघांकडून आलेल्या पेशंटचंही. ते वेगळं करायला इलेक्ट्रोफोरेसिस लागतो: विजेच्या क्षेत्रात हिमोग्लोबिन पळवायचं, ज्याचा निगेटिव्ह चार्ज हरवलाय ते मागे पडतं. पॉलिंगने, हो तोच स्प्रिंगवाला, १९४९ मधे हा फरक असाच पकडला होता. वाहकाचे दोन पट्टे दिसतात, पेशंटला साध्या हिमोग्लोबिनचा पट्टा नसतो. वाहकाला बहुधा काहीच त्रास नसतो, पण दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक बाळाच्या वेळी चारात एक शक्यता पेशंटची, म्हणून शिबिरात लग्नाआधीच्या मुलामुलींना रंगीत कार्ड देतात.